दोन हातांचं पाणी

वर्गात आले की सर आधी बोलत नसत. डस्टर टेबलावर ठेवायचे, फळ्याला पाठ करून उभे राहायचे आणि दोन्ही हात बाजूंना पसरायचे. अगदी आडवे नाहीत, खांद्यापासून थोडे खाली उतरते. मान ताठ, कोपरं सरळ. मागच्या बाकावरून आरोळी यायची, "पाणी!" मग सर हात वर घेऊन खांद्याच्या रेषेत आडवे करायचे. "कार्बन डायऑक्साइड!" वर्ग ओरडायचा. सर हात खाली सोडायचे, खडूची धूळ पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "बसा. आधी आकार बघा, मग बोला."

हा कार्यक्रम मी अठरा वर्षं पाहिला. भिवंडीतल्या त्या ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर. कागदावर परिचर, तोंडी मामा. प्राचार्यांपासून अकरावीच्या पोरांपर्यंत सगळ्यांचा मी मामाच. मी मूळचा दिघाशीचा, बारावी नापास, आणि नापास कशात म्हणाल तर रसायनशास्त्रात. ज्या विषयाने मला घरी पाठवलं त्याच विषयाच्या परीक्षानळ्या धुण्यात माझं आयुष्य गेलं. आता गुडघे बोलतात, चौथ्या मजल्यावर चढताना दोनदा थांबावं लागतं. पण मला माझं सांगायचं नाही, सरांचं सांगायचं आहे.

सर तासावर होते. तासावरचा मास्तर तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. तो शिकवतो सगळ्यांसारखंच, पण त्याची सही मस्टरवर नसते. त्याच्यासाठी वेगळी वही असते. स्टाफरूममध्ये त्याचं कपाट नसतं, म्हणून त्याच्या खांद्यावर कायम पिशवी असते. दर वर्षी एप्रिलमध्ये तो सुटतो आणि जूनमध्ये त्याला परत बोलावलं तर तो परत येतो. सर अठरा वेळा सुटले आणि अठरा वेळा परत आले. कायम होण्याची आशा प्रत्येक जूनला नवी असायची. घरी काही ठरवायचं असो, पोरीची शाळा असो की घराला रंग, सरांचं उत्तर ठरलेलं. "जून जाऊ दे."

राहायला टेमघरला. सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या एका कॉलेजात, संध्याकाळी कुठल्या तरी क्लासमध्ये. तिन्हीकडे स्कूटर, तिन्हीकडे ट्रॅफिक, तिन्हीकडे तोच धडा. दोन तासांच्या मधे वीस मिनिटं मिळाली की सर प्रयोगशाळेत यायचे, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचे आणि भिंतीला डोकं टेकायचे.

"मामा, दहा मिनिटांनी उठवा."

दहा म्हणजे दहा. मी कधीमधी पंधरा मिनिटं झोपू द्यायचो आणि मग घड्याळ पुढे आहे असं खोटं सांगायचो. दुसऱ्या दिवशी सर स्वतःच्या मोबाइलवर गजर लावूनच डोकं टेकायचे. त्या स्टुलाच्या मागे भिंतीवर त्यांच्या तेलाचा एक गोल डाग पडला होता. रंगकाम झालं तेव्हा गेला, वर्षभरात परत आला.

आता त्यांच्या धड्याबद्दल सांगतो. नापास माणसाने रसायनशास्त्र सांगायचं म्हणजे तुम्ही हसाल, पण अठरा वर्षं दारात उभं राहून ऐकलं की दगडालाही येईल.

सर म्हणायचे, दोन अणू एकत्र येतात म्हणजे दोन भाऊ एका चादरीत झोपतात. चादर म्हणजे त्यांचे सामायिक इलेक्ट्रॉन. दोघे सारख्या ताकदीचे असले तर चादर मधोमध राहते. एक जोरदार असला तर चादर त्याच्याकडे सरकते, दुसऱ्याचे पाय उघडे. असा बंध म्हणजे पोलर बंध. पुस्तकात ध्रुवीय लिहिलंय, पण आमच्याकडे पोरं पोलरच म्हणतात. इथपर्यंत सोपं. मग सर बोट उचलायचे. "पण बंध पोलर आहे म्हणून अख्खा रेणू पोलर होतोच असं नाही. का?" आणि वर्ग एका सुरात, "आकार!"

हे दाखवायला ते पोरांना पुढे बोलवायचे. स्वतः मध्ये कार्बन म्हणून उभे राहायचे आणि दोन पोरं ऑक्सिजन. दोघांनी दोन हात धरून बाहेर ओढायचं, सारख्या जोराने. सर जागच्या जागी. "ओढ आहे की नाही? आहे. मी हललो का? नाही. दोन्ही बंध पोलर, रेणू नॉन-पोलर." एका वर्षी वडप्याचा सुनील नावाचा पोरगा होता. कॉलेज सुटलं की गोडाऊनला माल चढवायचा, दंड असे की शर्टाची बाही फाटावी. त्याच्या समोर जो ऑक्सिजन मिळाला तो काडीसारखा. सुनीलने ओढलं आणि सर, तो काडी पोरगा आणि पुढचं बाक, तिघे एकदम त्याच्या अंगावर.

"अरे, मी कार्बन आहे, कार्बन! पोतं नाही!"

वर्ग हसून लोळला. सरांचा चष्मा बाकाखाली गेला. तो शोधता शोधता, गुडघ्यांवर बसूनच ते म्हणाले, "पण बघितलंत ना, ओढ सारखी नसली की काय होतं ते?" पडले तरी धडा सोडायचा नाही.

पाण्याची गोष्ट वेगळी, ते नेहमी बजावायचे. पाण्यात ओढणारा मधला असतो. ऑक्सिजन दोन्ही हायड्रोजनांची चादर आपल्याकडे घेतो, आणि ते दोघे एका रेषेत नसून एकाच बाजूला झुकलेले असतात. म्हणून दोन ओढी एकमेकींना खात नाहीत. ऑक्सिजनच्या टोकाला ऋण, हायड्रोजनच्या टोकांना धन. पाणी वाकलेलं आहे म्हणून पाणी पोलर आहे, आणि पाणी पोलर आहे म्हणून मीठ विरघळतं, असं ते सांगायचे तेव्हा मला घरच्या आमटीकडेसुद्धा वेगळ्या नजरेने बघावंसं वाटायचं.

वाकलेलं का, तर त्यासाठी फुगे. कॉलेजात रेणूंच्या प्रतिकृतींची चांगली पेटी होती, पण ती तपासणी आली की बाहेर काढायची म्हणून कुलपात असायची. सर बाजारातून फुगे आणायचे, फुगवायचं काम माझं. दोन फुगे गाठीशी बांधले की ते आपोआप एका रेषेत उभे राहतात. तीन बांधले की सपाट त्रिकोण. चार बांधले की तीन खाली पाय रोवतात आणि एक वर जातो, कोणी न सांगता. पाण्यासाठी ते दोन लाल आणि दोन पांढरे फुगे बांधायचे. लाल म्हणजे हायड्रोजन. पांढरे म्हणजे ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांच्या एकाकी जोड्या, ज्या कोणाशी बांधलेल्या नसतात. वहीत पाण्याचं चित्र काढताना पोरं त्या विसरतात. सर पांढरा फुगा दाबून दाखवायचे, लाल फुगे एकमेकांकडे ढकलले जायचे.

"दिसत नाही, पण जागा अडवते," सर म्हणायचे.

हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की शेवटचा शब्द वर्गच पुरा करायचा.

एकदा त्यांनी चार पोरांचा रेणू करायचं काढलं. चार क्लोरीन, मध्ये सर. पण जमिनीवर चौघे उभे केले की आकार सपाट होतो आणि खरा रेणू सपाट नसतो, हे सरांना सहन होईना. मग तीन पोरं खाली आणि चौथ्याला टेबलावर चढवून त्याच्या हातात दोरी दिली, दोरी सरांच्या कमरेला. चौघे ओढतायत, सर मधे स्थिर, आणि प्राचार्य दारात.

"सर, हे काय चाललंय?"

"कार्बन टेट्राक्लोराइड, सर. चार पोलर बंध, तरी नॉन-पोलर." मग वर बघून, "तू दोरी सोड. त्याच्या जागी हायड्रोजन आला, आता हा क्लोरोफॉर्म. आता पोलर."

प्राचार्यांनी क्लोरोफॉर्म एवढंच ऐकलं असावं. ते दारातूनच परत फिरले.

त्याच वर्गात शबाना नावाची मुलगी होती. तिची अम्मी एका फोल्डिंग खात्यात, म्हणजे विणलेलं कापड तपासून घड्या घालतात तिथे, कापडावरचे डाग काढायची. लूमचं तेल उडतं, ग्रे म्हणजे कोऱ्या कापडावर काळे ठिपके पडतात, ते पाण्या-साबणाने हटत नाहीत. मग पिचकारीतून कसलं तरी उग्र वासाचं लिक्विड मारतात. शबानाने विचारलं, "सर, अम्मी बोलती है पानी निकम्मा है. पाण्याने का नाही जात?"

सर खूश झाले. असा प्रश्न आला की त्यांची झोप उडायची. "पाण्याला दोष देऊ नको. पाण्याचे रेणू पोलर, ते एकमेकांना धरून बसलेत. तेल नॉन-पोलर, त्याला धरायला काही टोकच नाही. म्हणून पाणी त्याला आत घेत नाही. पिचकारीतलं द्रव तेलासारखंच, ते त्याला घेऊन जातं." मग आवाज उतरला. "पण अम्मीला सांग, खिडकी उघडी ठेवून काम करायचं. ते द्रव नाकातूनही जातं." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्याकडून त्या डब्यावरचं लेबल उतरवून आणवलं आणि वाचून तिच्या वहीत लिहून दिलं, तोंडाला काय बांधायचं, हाताला काय घालायचं. हे कोणत्या अभ्यासक्रमात बसतं मला माहीत नाही.

सरांचे मेहुणे वडप्याचे. त्यांच्या शेतावर आता गोडाऊनं उभी आहेत. दर दिवाळीला ते सरांना म्हणायचे, "भाऊजी, सोडा ती मास्तरकी. आपल्याकडे केमिकलचा माल येतो, समजनारा मानूस न्हाय. सुपरवायझर व्हा." सर म्हणायचे, "जून जाऊ दे." एकदा स्टुलावर बसून, डोळे मिटलेले, मला म्हणाले, "मामा, इकडून कॉलेज ओढतंय, तिकडून गोडाऊन. दोन्ही सारखं. म्हणून मी अठरा वर्षं हललो नाही." मला वाटलं झोपेत बोलतायत. मी त्यांना पाच मिनिटं जास्त झोपू दिलं.

मग ती जागा निघाली. रसायनशास्त्राच्या जुन्या मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या कायम जागेची जाहिरात आली. सरांच्या वयाच्या हिशेबाने ही शेवटचीच, पुढच्या वर्षी अर्जच चालला नसता. मुलाखत, आणि निवड समितीसमोर वर्गावर नमुना पाठ. चार उमेदवार, चौघांना एकच विषय, रेणूंची ध्रुवीयता. विषय ऐकून मी इतका हसलो की साहित्याच्या खोलीत एक चंचुपात्र फुटलं. सरांसाठी ताट वाढूनच ठेवलं होतं की हो.

घोळ एवढाच की तारीख मे महिन्यात आली, तीही दोन दिवस आधी कळली. प्राचार्य मला म्हणाले, "मामा, बारावीची दहा-पंधरा मुलं बोलवून ठेवा. वर्ग लागेल." मी यादी घेऊन फोन करत बसलो. कोणी उत्तर प्रदेशात, कोणी लग्नाला, कोणी क्लासच्या कोंडवाड्यात. अख्ख्या वर्गातून तीन पोरं मिळाली, त्यातल्या एकाला गोवर निघाला.

हे प्राचार्यांना जाऊन सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. मी सुनीलला फोन लावला.

"मामा, टेन्शन नको घेऊ," सुनील म्हणाला. "सरांची पर्मनंटची गोष्ट हाय ना? आमी येतो. सगल्यांना सांगतो." जुन्या पोरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. शनिवारी सकाळी एकतीस जण हजर. मी फक्त एवढं बघितलं की फार मोठी दिसणारी मागे बसतील. सुनीलने सरांसाठी मिशी उतरवली होती, तिच्या जागी ओठावर पांढरा पट्टा, आणि तेवढ्या जोरावर तो हट्टाने पहिल्या बाकावर बसला. एक जण लूमवरून रात्रपाळी करून आलेला, कानात अजून कापूस. शबाना आली ती वर्षाच्या पोराला घेऊन. ते मी माझ्याकडे घेतलं आणि बाहेर पॅसेजमध्ये उभा राहिलो.

पहिल्या तिन्ही उमेदवारांच्या पाठांना वर्ग मख्ख. ठरवून मख्ख. सरांच्या स्पर्धकाला उत्तर द्यायचं नाही, एवढाच त्यांचा हिशेब. तिसरी एक तरुण मुलगी होती, चांगल्या स्लाइड केल्या होत्या, आवाज गोड. तिने विचारलं, "कार्बन डायऑक्साइड पोलर की नॉन-पोलर?" एकतीस जण तिच्याकडे असे बघत बसले जसं काही तिने चंद्राची किंमत विचारली. सुनीलने जांभई दिली. ती मुलगी समितीला म्हणाली, "मुलं दमलेली दिसतात." मला तेव्हाच लाज वाटली, पण पोर कडेवर चुळबुळ करत होतं.

मग सर आले. हातात फुग्यांचा घोळका, इस्त्रीचा शर्ट. दारात माझ्याजवळ थांबले, आत बघितलं. एकेका बाकावरून त्यांची नजर गेली. इतका वेळ थांबले की समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. मग सर आत गेले, डस्टर ठेवलं आणि हात पसरले.

"पाणी!"

काचा हलल्या. हात आडवे झाले. "कार्बन डायऑक्साइड!" सरांनी अजून एक शब्द उच्चारला नव्हता. त्यांनी विचारायच्या आधी उत्तरं यायला लागली. चादर म्हणताच "पाय उघडे!" सरांनी पांढरा फुगा हातात घेतला आणि म्हणाले, "दिसत नाही, पण..." आणि एकतीस दांडगे गळे, "जागा अडवते!" माझ्या कडेवरचं पोर दचकून रडायला लागलं. आतून शबाना अर्धी उठली, परत बसली.

तरी सांगतो, असा पाठ मी अठरा वर्षांत ऐकला नव्हता. सर घाई करत नव्हते. एकाला मधेच थांबवून त्यांनी विचारलं, "बरोबर, पण का?" आणि त्या रात्रपाळीवाल्याने कानातला कापूस काढून सगळं नीट सांगितलं, एकाकी जोड्यांसकट.

समितीतले विषयतज्ज्ञ वयस्कर गृहस्थ होते, वाईट नव्हते. त्यांनी पेन ठेवलं आणि पहिल्या बाकावर सुनीलला विचारलं, "बाळ, तुझा रोल नंबर?"

"सर, ड्युटीचा का कॉलेजचा?"

कोणी हसलं नाही. तज्ज्ञ सरांकडे वळले. "ही आत्ताच्या बारावीची मुलं आहेत?"

"नाही," सर म्हणाले. "ही माझी जुनी मुलं आहेत."

"यांना कोणी बसवलं इथे?"

प्राचार्य जमिनीकडे बघत होते. मी दारात उभा होतो, पोर कडेवर. मी बोलायचं होतं. साहेब, हे माझं काम, सरांना काही माहीत नव्हतं, एवढीच दोन वाक्यं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी पोराला थोपटत राहिलो.

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझ्यासाठी आली आहेत."

तज्ज्ञांनी मान हलवली. "पाठ चांगला होता, सर. पण आम्हाला आजचा वर्ग बघायचा होता." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लिहायला फार वेळ लागला नाही.

जूनमध्ये त्या स्लाइडवाल्या मुलीचं नाव लागलं. ती चांगली शिकवते, खोटं का बोलू. मला "मामा" म्हणताना मान खाली घालते. एकदा तिने विचारलं, "मामा, मुलाखतीच्या दिवशीची ती मुलं परत दिसली नाहीत?" मी बाटल्यांवरची लेबलं बघत बसलो. सरांना तासावर बोलावणं गेलं होतं, पण ते आले नाहीत. अठरा वर्षांत पहिल्यांदा जून सरांशिवाय गेला. त्यांचं स्टूल मी तिथेच ठेवलं. कोणी बसत नाही, मीही वळसा घालून जातो.

सरांनी फोन घेतला असता, पण मी केला नाही. माझं तोंड नव्हतं. वर्ष असंच गेलं. मग एक दिवस सुनील बाजारात भेटला, मिशी परत आली होती. "मामा, सर आमच्याच गोडाऊनला हायत. या एकदा."

मी गेलो. वडप्याला हायवे सोडून आत वळलं की एकासारखी एक पत्र्याची गोडाऊनं. सर एका दाराशी टेबल टाकून बसले होते, अंगात जाकीट, केस बरेच पांढरे. मागे भिंतीवर त्यांच्या अक्षरात दोन मोठे कागद. एकावर लिहिलं होतं, या पिंपांना आग लागली तर पाणी मारू नका. दुसऱ्यावर कारण. गोडाऊनच्या हमालांसाठी कारण लिहिणारा सुपरवायझर मी दुसरा पाहिला नाही.

"बसा मामा. गुडघे कसे आहेत?"

"बरे हायत. सर, तुमची झोप होते का?"

"होते. सहा तास. सवय नव्हती, आधी डोकं दुखायचं."

चहा आला. मी कप हातात धरून बसलो आणि शेवटी म्हणालो, "सर, त्या दिवशी मी बोललो न्हाय. पोरं मीच बोलावली होती. तुमच्यावर आलं, आन मी दारात उभा राहिलो."

सरांनी चहा संपवला. "बोलला असतात तर चौकशी लागली असती तुमच्यामागे. दोन वर्षं राहिली होती ना तुमची?"

"तरी बोलायला हवं होतं."

"हो," सर म्हणाले. "बोलायला हवं होतं."

ते मला बरं वाटलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी तिथून उठू शकलो नसतो.

"पण मामा, मला दारातच कळलं होतं," ते म्हणाले. "सुनीलचा ओठ दिसला. तिथेच म्हणता आलं असतं, हा माझा वर्ग नाही, दुसरी तारीख द्या. दिलीही असती त्यांनी. पण एकतीस माणसं शिफ्ट सोडून, पोरं टाकून येऊन बसली होती. त्यांना काय सांगू, उठा, घरी जा? मग म्हटलं, समितीचं काय व्हायचं ते होऊ दे. मी पाठ त्यांनाच दिला. कायम होऊन तरी मी कोणाला शिकवणार होतो?"

बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण रिकामा कप त्यांनी परत एकदा तोंडाला लावला. कायम व्हायचं त्यांना होतंच. ते मला माहीत होतं, त्यांनाही.

बाहेर हॉर्न वाजला. पिंपं भरलेला एक लांब ट्रक वळून आला होता आणि त्याला उलट येऊन दाराला लागायचं होतं. "आलोच," म्हणून सर उठले, जाकिटाची चेन लावली. मीही निघालो. बस धरायची होती.

हायवेच्या वळणावर गुडघ्यासाठी थांबलो आणि मागे बघितलं. ट्रक कण्हत मागे येत होता. त्याच्या मागे, उन्हात, सर उभे होते. मान ताठ, कोपरं सरळ, दोन्ही हात बाजूंना पसरलेले, खांद्यापासून थोडे खाली उतरते. ड्रायव्हर आरशात ते दोन हात बघत गाडी घेत होता.

मी रस्त्यात एकटाच होतो, तरी तोंडातून मोठ्याने निघालं, "पाणी."